कारवान हाउंड घरात पाळताना: हरणीसोबतचे अकरा महिने

हरणीला घरी आणून परवा अकरा महिने झाले. तिला आणायच्या आधी कारवान हाउंडबद्दल मिळेल ते वाचून काढलं होतं. शिकार, वेग आणि संस्थानांचा इतिहास भरपूर सापडला, पण चौथ्या मजल्यावरच्या घरात हा कुत्रा दिवसभर करतो काय, हे कुणी लिहिलेलं सापडेना. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी नावाचा घोळ. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी ही जात ‘कारवान हाउंड’ आहे आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या दप्तरी ‘मुधोळ हाउंड’. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ती जोपासली, म्हणून ते नाव. कानांवर आणि शेपटीवर रेशमी केस असले की त्याला पश्मी म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं, 2016 मध्ये लष्कराने मेरठला या कुत्र्यांना प्रशिक्षण द्यायला घेतलं. त्यामुळे नाव अनेकांच्या कानावरून गेलेलं असतं. पण अडल्यावर फोन करून विचारावं असं पाळणारं माणूस ओळखीत सापडणं कठीण. लॅब्रॅडॉर घेतला तर बिल्डिंगमधले चार जण सल्ला द्यायला असतात. इथे बरंचसं आपलं आपणच शिकावं लागतं, आणि माझ्या मते कमी माहितीतली जात निवडताना हीच गोष्ट सगळ्यात आधी लक्षात घ्यायला हवी.

हरणी चार महिन्यांची असताना आली. जन्मापासून मोकळ्या अंगणात वाढलेली. पिल्लाला जगाची ओळख करून द्यायचे मुख्य दिवस साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यातले, आणि ते तिचे अंगणातच गेले होते. त्यामुळे छताचा पंखा फिरायला लागला की ती जमिनीला पोट टेकून सरपटत भिंतीशी जायची. मिक्सर, लिफ्टचं दार, कुकरची शिट्टी, सगळ्यालाच बिचकायची. आणि मला वाटत होतं, प्रेमाने जवळ घेतलं की सुटेल. मी जवळ गेले की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची. गुरगुरणं नाही, दात दाखवणं नाही, नुसतं उठून जाणं. दीड महिना हे चाललं. एका रात्री मी रडलेसुद्धा, की हिला आपण नकोच आहोत.

तिने पहिला जीव लावला तो सासूबाईंना, ज्यांना कुत्रा पाळण्याची अजिबात हौस नव्हती. त्या दुपारी खिडकीपाशी खुर्चीत बसून वाचतात. तिच्याकडे बघायच्या नाहीत, हाक मारायच्या नाहीत. मला एकदा म्हणाल्या, “तू तिच्या मागे मागे करू नकोस गं. बसू दे तिला.” सहाव्या आठवड्यात हरणी त्यांच्या खुर्चीपासून चार हातांवर बसायला लागली, मग दोन हातांवर. एके दिवशी बघते तर तिची लांब हनुवटी आईंच्या पावलावर टेकलेली, आणि आई पाऊल न हलवता पान उलटत होत्या. त्या दिवसापासून मीही तिच्याजवळ जाणं सोडलं. जमिनीवर पाठमोरी बसून माझं काम करत राहायचे. तिसरा महिना संपता संपता ती माझ्या पाठीला पाठ लावून झोपली. या जातीबद्दल मला काही एक सांगायचं असेल तर ते हेच: ती ओढून जवळ येत नाही, आपण स्थिर राहिलो की येते. आल्यावर मात्र पूर्ण येते. आता मी आंघोळीला गेले तरी दाराबाहेर बसून असते.

दुसरी गोष्ट तिच्या डोळ्यांची. बहुतेक कुत्रे जग नाकाने वाचतात, ही डोळ्यांनी वाचते. आपल्याला नुसता ठिपका दिसावा इतक्या लांबचं मांजर शेपटीच्या एका हालचालीवरून तिला कळतं. कान मागे जातात, मान ताणली जाते, अंग ताठ होतं, आणि त्या क्षणी तिला माझी हाक ऐकू येत नाही. ऐकायचं नसतं असं नाही, खरंच पोचत नाही. आज्ञाधारकपणाचं सगळं शिक्षण घरात आणि गच्चीवर ती उत्तम पाळते. मोकळ्या मैदानात काही पळताना दिसलं की ते शिक्षण संपतं. म्हणून कुंपण नसलेल्या जागी तिला मी कधीच मोकळी सोडत नाही. अकरा महिन्यांनीही नाही, आणि पुढेही सोडेन असं वाटत नाही.

पट्ट्याचा धडा मी महागात शिकले. या कुत्र्यांचं डोकं मानेपेक्षा फारसं रुंद नसतं, त्यामुळे साधा पट्टा मागे सरकून सहज निसटतो. ती घरी आल्यावर चौथ्या महिन्यात फटाका वाजला, ती दोन पावलं मागे गेली, मान खाली घातली आणि माझ्या हातात नुसता पट्टा राहिला. चाळीस मिनिटं शोधत होतो. सापडली ती एका बंद दुकानाच्या पायरीखाली, कुंपणाच्या तारेने मांडीची कातडी बोटभर फाटलेली. सहा टाके पडले. यांची कातडी पातळ आणि केस आखूड, त्यामुळे इतर कुत्र्याला जिथे ओरखडा येईल तिथे हिला चीर पडते. तेव्हापासून ओढ बसली की आवळला जाणारा रुंद मार्टिंगेल पट्टा आणि वर हार्नेस, दोन्ही वापरते. पहिल्या दिवसापासून वापरा.

मग लोकांचं बोलणं. बरगड्या दिसणं हा या बांध्याचा भाग आहे. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची हाडं दिसत असतील, मांड्या भरलेल्या असतील, तर कुत्रा तंदुरुस्त समजायचा. पण रस्त्यात रोज कुणीतरी विचारतं, “खायला देत नाही का हिला?” एका दवाखान्यात तर वजन वाढवा म्हणून टॉनिक लिहून दिलं. मी ते दिलं नाही. पळण्यासाठी घडलेल्या सांध्यांवर चरबीचा भार घालण्यापेक्षा मी बोलणी ऐकून घेते.

डॉक्टरांच्या बाबतीत मात्र गप्प राहू नका. ग्रेहाउंडसारख्या पळणाऱ्या जातींच्या अंगात चरबी कमी असते आणि त्यांचं यकृत काही औषधं सावकाश पचवतं. थायोपेंटोनसारखं भुलीचं औषध त्यांच्या अंगातून उतरायला फार वेळ लागू शकतो. हरणीची नसबंदी ती तेरा महिन्यांची असताना केली, तेव्हा मी आधी भेटीची वेळ घेऊन फक्त एवढंच बोलायला गेले. या डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं, प्रोपोफॉल वापरू म्हणाले, आणि शस्त्रक्रियेनंतर तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवायला लावलं, कारण अशा अंगाची ऊब लवकर जाते. संध्याकाळी ती स्वतःच्या पायांनी गाडीत चढली. रक्ताच्या तपासणीत तांबड्या पेशींचं प्रमाण जास्त आलं होतं. पळणाऱ्या जातींत ते असं वर असतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून पुढच्या नको त्या तपासण्या टळल्या.

घरातला स्वभाव लोकांच्या कल्पनेच्या उलट आहे. शिकारी कुत्रा म्हणजे दिवसभर धुडगूस, असं मलाही वाटायचं. ही दिवसाचे पंधरा-सोळा तास झोपते, मऊ जागा शोधून, चारही पाय ताणून. सकाळी पाऊण तास चालणं, संध्याकाळी तेवढंच, आणि आठवड्यातून दोनदा भिंत असलेल्या मैदानात मोकळं पळणं. ते पळणं बघायला मिळतं यासाठी मी सगळं सोसायला तयार आहे. एका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून सुटतात, एकदा अंग पूर्ण ताणलेलं आणि एकदा पूर्ण मुडपलेलं. आवाज जवळजवळ येत नाही, फक्त श्वास. चार-पाच फेऱ्या झाल्या की संपलं, घरी येऊन झोप. छाती खोल असल्याने पोटाला पीळ पडायची भीती असते, म्हणून पळण्याच्या आधी आणि नंतर तासभर तरी खायला देत नाही, आणि दिवसाचं जेवण दोन वेळांत वाटून देते.

केस गळणं नगण्य, अंगाला वास नाही, भुंकणं अगदी कमी. थंडी मात्र सोसत नाही, अंगात काहीतरी घालावं लागतं. टणक फरशीवर झोपली तर कोपरांना घट्टे पडतात, तेव्हा जाड गादी हवीच.

घ्यायचा विचार असेल तर पिल्लाचे आई आणि वडील दोघंही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मी आधी जिथे चौकशी केली होती तिथे आई दाखवायला टाळाटाळ झाली, मी परत फिरले. ग्रेहाउंडशी संकर केलेली पिल्लं कारवान म्हणून खपवली जातात, आणि लहानपणी फरक कळत नाही. पिल्लू आठ-नऊ आठवड्यांचं असताना आणता आलं तर हरणीइतकं बिचकणार नाही. घरात मांजर, ससा असेल, किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाशी खेळणारा कुत्रा हवा असेल, तर ही जात घेऊ नका. पाहुणे आले की हरणी आजही आतल्या खोलीत जाते, आणि आम्ही त्यांना आधीच सांगून ठेवतो की तिला हाक मारू नका. गेल्या रविवारी माझी भाची तीन तास तिच्याकडे न बघता चित्रं काढत बसली होती. शेवटच्या अर्ध्या तासात हरणी बाहेर आली आणि तिच्या रंगपेट्या हुंगून परत गेली.