तलावावर बरा, भीमेवर मात्र लेथवाला गाठावा लागला: रॉड स्टँडचा अनुभव

पार्सल उघडलं तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, "टॉवेल वाळत घालायला आणलं काय ओ हे?" दोन अ‍ॅल्युमिनियमच्या काठ्या. मासे धरायचा रॉड टेकवून ठेवायचा हा स्टँड. पुढच्या काठीवर व्ही आकाराचं डोकं, आत मऊ रबर. मागच्या काठीवर रॉडची मूठ ठेवायला प्लॅस्टिकची वाटी. जोडीचे १४५० रुपये. काठीत काठी आहे, मधला स्क्रू ढिला करून वर ओढली की कमरेएवढी होते.

हिप्परग्याच्या तलावावर दोन महिने वापरला, तक्रार नाही. पाणी उभं, चिलापी मासे हलके, रॉड आडवा ठेवून डबा खात बसायचं. तिथं दोन वाकड्या फांद्या रोवल्या तरी चाललं असतं म्हणा.

खरी परीक्षा टाकळीला, भीमेवर झाली. जाहिरातीत ठळक लिहिलेलं, 'बार्बलसाठी खास'. बार्बल आपल्याकडं नाही, तो युरोपातल्या वाहत्या नद्यांतला मासा. तोंडाला चार मिशा, तळाला चरणारा, अंगात जोर. आपल्या खडशीच्याच, म्हणजे महसीरच्या, कुळातला. इंग्लंडात ट्रेंट नदीवर त्याच्यासाठी बसणारे रॉडचं टोक आभाळाकडं करून ठेवतात. ते का, हे मला उजनीचं पाणी सोडलेलं होतं त्या दिवशी कळलं. रॉड आडवा होता, त्यामुळं निम्मा तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) पाण्यात. धार त्यालाच ओढायला लागली, जलपर्णीचे पुंजके येऊन अडकले आणि गळ तळाला धरून ठेवणारं शिसं सरकत सरकत काठाला आलं. रॉड उभा केला की तंगूस बराचसा पाण्याबाहेर राहतो, धारेला धरायला कमी मिळतं.

म्हणून पुढची काठी पूर्ण वर काढली, मूठ जमिनीलगत ठेवली. आता स्टँडचं पितळ उघडं पडलं. त्या उंचीला स्क्रू रॉडचं वजन पेलत नाही, काठी हळूहळू आत बसते. काठीच्या खालच्या टोकाच्या मळसूत्रात काळ्या मातीचा चिखल भरला की ते रुततच नाही, नुसतं गोल फिरतं. मागच्या वाटीला तर पकडच नाही. मी थर्मासमधून चहा ओतत होतो, तेवढ्यात माशानं ओढ घेतली. मूठ वाटीतून निघाली आणि रॉड पाण्याकडं. व्हीच्या खाचेत रील अडकलं म्हणून वाचला. मासा गेला, चहाही गेला. विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, "स्क्रू नीट आवळा."

मग साखर पेठेतल्या एका वेल्डिंगवाल्याकडून १० मिलिमीटरच्या सळईच्या चार फुटी दोन काठ्या करून घेतल्या. खाली अणी, गुडघ्याच्या खाली आडवा तुकडा, त्यावर पाय देऊन दाबायचं. व्हीचं डोकं सळईवर बसवायचं होतं, पण त्याच्या आट्याचा नट हार्डवेअरच्या चार दुकानांत मिळाला नाही. शेवटी लेथवाल्यानं डोक्याच्या मापानं सळईवर आटे पाडून दिले. मागच्या सळईला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय. मूठ त्यात घट्ट बसते, वर उचलली की सुटते.

स्टँड कितीही भक्कम करा, रील करकचून आवळून तंगूस ताणला तर धारेत काम बिघडतंच. मी यंत्रमागावर जॉबर, माग जुळवून-दुरुस्त करून देणारा. ढिली तार (ताण्याचा धागा) दिसली की माझे हात शिवशिवतात. इथं उलटं करावं लागतं. शिसं तळाला टेकलं की अजून दोन-तीन हात तंगूस सोडायचा. धार त्याची कमान पाडते, टोक थोडं वाकलेलं राहतं आणि शिसं जागचं हलत नाही. गवत आपटलं की टोक नुसतं थरथरतं. माशानं शिसं उचललं तर वाकलेलं टोक एकदम सरळ होतं, मागाच्या बीमवरची तार तुटावी तसं. तेव्हा आधी ढील गुंडाळायची, मग रॉडला झटका मारायचा. ताणून ठेवलेल्या तंगुसावर हे सरळ होणं नीट कळत नाही. मोठा मासा दूर पळत सुटला तर टोक खाली जातं, त्यासाठी रीलला फ्री स्पूलचा, म्हणजे तंगूस मोकळा सुटू देणारा, खटका असेल तर टाकून ठेवा. नसेल तर ड्रॅग (रीलचा ब्रेक) ढिला ठेवा आणि चहा एका हातानं प्या.

वडकबाळला सीनेच्या संथ डोहात एवढं काही लागत नाही. तिथं टोक खाली ठेवून तंगूस बुडू दिलेला बरा, वारा त्याला पकडत नाही.

तलावावर बसणाऱ्यांनी खुशाल घ्यावा. नदीसाठी नुसती डोकी मिळत असतील तर तेवढीच घ्या, काठ्या इथंच करा. माझे पाचपैकी अडीच स्टार, त्यातले दोन त्या व्हीच्या रबराला: आठ महिने उन्हात राहून चिरलेलं नाही. मागची वाटी सध्या परसात नळाची नळी अडकवायला आहे.