कांदेपोह्यांचा अनुस्वार: काळ्या फळ्यावर स्टिकर की स्टेन्सिल?

घरी कटिंग मशीन (संगणकावर काढलेला आकार ब्लेडनं कापून देणारं यंत्र) आलं की पहिले दोन महिने डबे, बरण्या, पाण्याच्या बाटल्या यांच्यावर नावं चिकटवण्यात जातात. मग कुणीतरी म्हणतं, "एक काळा फळा करून दे ना, खडूनं लिहिल्यासारखा." इथे दोन वाटा फुटतात. पांढरं, बिनचमकीचं (मॅट) विनाईल, म्हणजे मागून गोंद लावलेलं पातळ प्लॅस्टिक, कापून अक्षरंच फळ्यावर चिकटवायची, नाहीतर विनाईलचा स्टेन्सिल, म्हणजे अक्षरांच्या जागी भोकं असलेला साचा, करून त्यातून पांढरा रंग भरायचा आणि विनाईल सोलून टाकायचं. मी दोन्ही केलं आहे, तेही एकाच दुकानाच्या एकाच फळ्यावर. म्हणून जे लिहितोय ते माझ्या हाताखालून गेलेलं आहे. तुमचा फळा आणि तुमची भिंत वेगळी असेल तर अनुभव थोडा वेगळा येऊ शकतो.

ठाण्यात नौपाड्यात माझ्या आत्याचं पोळीभाजी केंद्र आहे. तिला पदार्थांची नावं कायमची हवी होती आणि शेजारी भाव खडूनं लिहिता-पुसता यायला हवे होते. एमडीएफच्या (लाकडाचा लगदा दाबून केलेल्या) पाटीवर ब्लॅकबोर्ड पेंटचे हात दिले आणि आधी स्टिकरची वाट धरली, कारण ती सोपी दिसते. खरोखर सोपी आहेही. कापा, नको ते सोला, ट्रान्स्फर टेपवर (कापलेली अक्षरं आहेत त्याच जागी धरून उचलणारी चिकट पट्टी) उचला, दाबून बसवा. संध्याकाळी सुरू केलेला फळा रात्री जेवायच्या आत भिंतीवर जातो. रंग सांडणं नाही, वाळायची वाट पाहणं नाही. आणि चिकटवण्याआधी चुकलं असेल तर नुकसान फार तर एका तुकड्याचं.

देवनागरीसाठी एक गोष्ट दोन्ही वाटांवर करावीच लागते. अक्षरं इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून त्यांचा पाथ (बाह्यरेषांचा आकार) करायचा आणि मग सगळे तुकडे 'युनियन' या आज्ञेनं एकजीव करायचे. तसं केलं नाही तर प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर जिथे चढते तिथे ब्लेड चीर मारतं आणि शब्द सोलताना तुकडे तुकडे होऊन हातात येतो. क्रिकट जातीच्या मशीनचं सॉफ्टवेअर इंकस्केपची एसव्हीजी फाइल थेट घेतं. सिल्हूट मशीनच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत एसव्हीजी उघडत नसेल, तर तीच फाइल डीएक्सएफ प्रकारात करून न्यावी लागते. फॉन्ट मी 'यात्रा वन' घेतला. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून तो घडवलेला आहे, अक्षरं जाड आहेत आणि ब्लेडला झेपतात. 'कलम' दिसायला खडूच्या अक्षराच्या जास्त जवळ जातो, पण लहान आकारात त्याच्या रेषा सोलताना माझ्या हातून तुटल्या.

तर स्टिकरचा फळा लागला. छान दिसला. साधारण तिसऱ्या आठवड्यात एक निवृत्त बाई सकाळी नाश्ता न्यायला आल्या. आयुष्यभर शाळेत फलकलेखन केलेल्या. फळ्यापाशी थांबल्या, चष्मा वर केला आणि आत्याला म्हणाल्या, "अहो, अनुस्वार पडलाय." कांदेपोह्यांचं 'कादेपोहे' झालं होतं. त्यांनी खालच्या कडेवर ठेवलेला खडू उचलला, बोटांच्या चिमटीत धरून 'का'च्या डोक्यावर एकच ठिपका दिला आणि खडू जागेवर ठेवला. रात्री फळा पुसला गेला तेव्हा तो ठिपकाही गेला. पुढच्या पंधरवड्यात आंबोळीचा अनुस्वार गेला, मग शेंगदाणा चटणीचा. मी दर रविवारी चिमटा आणि ठिपक्यांची पट्टी घेऊन जायचो. ठिपका बसायचा, आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा नाहीसा व्हायचा.

असं का होतं ते हात फिरवून पाहिलं की कळतं. ब्लॅकबोर्ड पेंट खरखरीत असतो, त्याशिवाय खडू उमटणारच नाही. त्या खरखरीत पृष्ठभागावर विनाईलचा गोंद फक्त उंचवट्यांना धरतो, खळग्यांत पोहोचत नाही. आख्ख्या शब्दाला शिरोरेषा सांभाळून घेते, एक कड सुटली तरी बाकीचं अंग धरून राहतं. अनुस्वार मात्र एकटा. माझ्या फळ्यावर तो जेमतेम चार मिलिमीटरचा होता. त्याच्यावरून रोज ओलं फडकं फिरतं, खाली तव्याची वाफ, वर ठाण्याचा पावसाळा. मी ओराकल 651 या नावाचं विनाईल वापरलं होतं, जे टिकाऊ कामासाठीच असतं, तरी हे झालं. गुळगुळीत काचेवर हेच विनाईल माझ्याकडे कितीतरी दिवस हललेलं नाही, त्यामुळे दोष विनाईलला देता येणार नाही. इंग्रजी फळे करणाऱ्यांना हा त्रास कमी होत असावा. त्यांच्याकडे ठिपके दोनच अक्षरांवर येतात. आपल्या नाश्त्याच्या यादीत मात्र कांदा, आंबा, वांगं, शेंगदाणा, जिकडे तिकडे अनुस्वार.

स्टेन्सिलमध्ये हाच हिशेब उलटा होतो, आणि माझं मन तिथेच वळलं. तिथे अनुस्वार हे भोक असतं. सोलताना ठिपका निघून गेला तर तो जायलाच हवा होता. जपावी लागते ती अक्षरांच्या आतली पोकळी: 'क'चं पोट, 'प'चा आतला चौकोन, 'व'चा गोल. ते सुटे तुकडे ट्रान्स्फर टेपवर नीट आले नाहीत तर एकेक चिमट्यानं बसवावे लागतात, आणि मला ते दोन ठिकाणी करावं लागलं. पण त्या तुकड्यांना काम किती वेळ करायचंय? रंग भरून होईपर्यंत, म्हणजे तासाभराचं. स्टिकरच्या अनुस्वाराला तेच काम वर्षभर करायचं असतं.

मेहनत जास्त आहे, ते कबूल. काळा रंग पुरता मुरलेला नसेल तर विनाईल सोलताना तोच उचलून येतो. जुलैत काम केलं म्हणून मी आठवडाभर थांबलो, कोरड्या हवेत तीन दिवस पुरावेत. विनाईल कमी चिकट घ्यायचं, ओराकल 631 किंवा खास स्टेन्सिलसाठी येणारं ओरामास्क 813. दुसऱ्यातून खालचं थोडं दिसतं, त्यामुळे ओळ सरळ लावणं सोपं जातं. पांढरा रंग कडेखाली पाझरू नये म्हणून आधी स्टेन्सिलवरून त्याच काळ्या पेंटचा एक पातळ हात द्यायचा. जे पाझरायचं ते काळंच पाझरतं आणि फटी बुजतात. तो वाळला की पांढरा अ‍ॅक्रिलिक, स्पंज जवळजवळ कोरडा ठेवून, टिपत टिपत. आणि रंग ओलसर असतानाच विनाईल सोलायचं. कडक झाल्यावर सोललं तर कडेचे पापुद्रे निघतात.

स्पंजनं टिपलेला पांढरा रंग सगळीकडे सारखा बसत नाही. मध्ये मध्ये काळे कण दिसतात, थेट खडूच्या रेघेसारखे. स्टिकरची अक्षरं कितीही मॅट असली तरी खिडकीतून तिरपा उजेड आला की त्यांची कड चमकते आणि चिकटवलेलं आहे हे दिसतं.

अजून एक फायदा मला नंतर कळला. माझ्या मशीनमध्ये विनाईल ज्या चिकट चटईवर ठेवून कापतात ती बारा इंच रुंद, त्यामुळे 'शेंगदाणा चटणी' मोठ्या अक्षरात दोन तुकड्यांत कापावी लागली. स्टिकरमध्ये शिरोरेषेच्या सांध्यावर विनाईल एकावर एक चढतं आणि तिथे गाठ दिसते. स्टेन्सिलमध्ये दुसरा तुकडा थोडा चढवून रंग भरला की सांधा उरत नाही.

स्टिकर कुणी घ्यावा? फळा काचेचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा असेल, मजकूर दर सणाला बदलायचा असेल, मुंजीच्या किंवा बारशाच्या स्वागताची पाटी एका दिवसापुरती असेल, तर स्टेन्सिलचा खटाटोप कशाला? स्टिकर हेअर ड्रायरनं गरम करून काढता येतो. स्टेन्सिलचं नाव बदलायचं तर पुन्हा काळ्या रंगाचे हात आलेच. आणि दोन्हींत नव्या फळ्यावर सगळीकडे खडू घासून पुसायचं आणि तो लिहायला तयार करायचं काम शेवटी ठेवा. आधी केलंत तर खडूच्या भुकटीवर विनाईल धरणारच नाही.

तरी फळा रंगवलेला, मजकूर मराठी आणि जागा स्वयंपाकघराजवळची असेल, तर मी स्टेन्सिलच सुचवेन. खात्री नसेल तर पाटीचा एक तुकडा रंगवा, त्यावर एक इंच उंचीचं 'कांदेपोहे' एकदा चिकटवा, एकदा रंगवा, आणि तो ओट्याशेजारी टांगून महिनाभर रोज रात्री ओल्या फडक्यानं पुसा. आत्याच्या दुकानात स्टेन्सिलचा फळा गेल्या गणपतीपासून आहे. बाई अजून येतात. खडू आता फक्त भाव लिहायला लागतो.