‘म्युझिक थिअरी ऑनलाइन’: दार उघडे, उंबरठा मात्र उंच

संगीत सिद्धांताच्या अभ्यासकांची समाजाप्रती आणि आपल्या व्यवसायाप्रती काय जबाबदारी असते, याची चर्चा अधिवेशनांतून पुष्कळ होते. परंतु ती जबाबदारी कितपत पाळली जाते हे पाहायचे असेल, तर त्यांच्या शोधपत्रिकेचा नित्याचा कारभार पाहावा, असे मला वाटते. ‘सोसायटी फॉर म्युझिक थिअरी’ ही या विषयाच्या अभ्यासकांची अमेरिकेतील प्रमुख संस्था १९७७ मध्ये स्थापन झाली, आणि तिची ‘म्युझिक थिअरी ऑनलाइन’ ही पत्रिका १९९३ पासून इंटरनेटवरून निघते. कोणत्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे सभासदत्व नसलेला वाचक म्हणून मी ती नेहमी वाचतो, आणि हे परीक्षणही त्याच भूमिकेतून लिहिले आहे.

सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे ही पत्रिका विनामूल्य आहे. वाचण्यासाठी वर्गणी नाही, नावनोंदणी नाही, आणि जुने अंकही तितकेच खुले आहेत. याच संस्थेची १९७९ मध्ये सुरू झालेली ‘म्युझिक थिअरी स्पेक्ट्रम’ ही पत्रिका मात्र मुख्यतः सभासदांना आणि वर्गणी भरणाऱ्या ग्रंथालयांनाच पूर्णपणे वाचता येते. ज्या संशोधनाला अनेकदा सार्वजनिक पैशाचा आधार असतो, ते जनतेलाच वाचायला मिळू नये, हे मला कधीच पटलेले नाही.

लेखांची मांडणी विचारपूर्वक केलेली आहे. छापील पाने नसल्यामुळे प्रत्येक परिच्छेदाला चौकटी कंसात क्रमांक दिलेला असतो, आणि त्यामुळे आक्षेप घेणाऱ्याला नेमक्या विधानावर बोट ठेवता येते. स्वरलिपीचे उदाहरण क्लिक केले की मोठे होते, आणि पुष्कळ लेखांत त्याच्या जोडीला त्या भागाचे ध्वनिमुद्रणही ऐकायला मिळते. अमुक ठिकाणी आघात अपेक्षित जागेवरून सरकतो असे लेखकाने म्हटले, तर वाचक तो भाग तिथल्या तिथे ऐकतो, पुन्हा ऐकतो आणि लेखकाशी सहमत व्हायचे की नाही ते स्वतः ठरवतो. आपले म्हणणे पडताळून पाहण्याची सोय समोरच्याच्या हाती देणे, ही मला अभ्यासकाच्या सचोटीची पहिली खूण वाटते. लेखाच्या तळाशी, तो वेबसाठी तयार करणाऱ्या संपादन साहाय्यकाचे नावही दिलेले असते. विद्यापीठीय जगात असे श्रम सहसा निनावीच राहतात, म्हणून या एका ओळीचे मला मोल वाटते. लेखाचा प्रताधिकार लेखकाकडेच राहतो, आणि अभ्यासासाठी किंवा चर्चेसाठी लेख एकमेकांना देण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिलेली आहे.

पत्रिकेची खरी कसोटी २०२० मध्ये लागली. त्याआधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, ओहायो राज्यातील कोलंबस येथे भरलेल्या संस्थेच्या वार्षिक अधिवेशनात न्यूयॉर्कच्या हंटर कॉलेजचे प्राध्यापक फिलिप यूएल यांनी संगीत सिद्धांताच्या श्वेतवर्णीय चौकटीविषयी, म्हणजे गोऱ्यांच्या परंपरेलाच प्रमाण मानणाऱ्या दृष्टीविषयी, भाषण केले होते. त्याच विषयावरील त्यांचा सविस्तर लेख या पत्रिकेने सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी अमेरिकेत प्रचलित असलेल्या सात पाठ्यपुस्तकांतील २,९३० सांगीतिक उदाहरणांचा हिशेब मांडला आहे, आणि त्यांपैकी अवघी ४९, म्हणजे १.६७ टक्के, श्वेतवर्णीय नसलेल्या रचनाकारांची असल्याचे दाखवले आहे. संस्थेच्या स्वतःच्या सभासदांत कोणाचे प्राबल्य आहे, याची आकडेवारीही लेखात आहे. आपल्याच संस्थेला आरसा दाखवणारा लेख संस्थेच्याच पत्रिकेने छापला, याचे श्रेय संपादकांना द्यायला हवे.

लेखाचा सर्वांत वादग्रस्त भाग ऑस्ट्रियातील संगीत सिद्धांतकार हाइनरिश शेंकर (१८६८–१९३५) यांच्याविषयीचा आहे. अमेरिकेत त्यांची विश्लेषणपद्धती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली, परंतु इतर वंशांना कमी लेखणारी त्यांची मते बाजूला ठेवूनच. त्यांच्या अखेरच्या ग्रंथाच्या १९७९ च्या इंग्रजी अनुवादात तर असे काही उतारे मुख्य मजकुरातून उचलून मागे परिशिष्टात टाकलेले आहेत. विद्यार्थ्याने काय वाचावे हे संपादकाने परस्पर ठरवण्यातला धोका यूएल यांनी नेमका पकडला आहे. मात्र शेंकर स्वतः ज्यू होते आणि त्यांच्या पत्नीचा १९४५ मध्ये थेरेझिनश्टाटच्या नाझी छावणीत अंत झाला, या बाजूला लेखात अधिक जागा मिळायला हवी होती, असे माझे मत आहे.

या लेखाच्या आधीच नॉर्थ टेक्सस विद्यापीठातून निघणाऱ्या ‘जर्नल ऑफ शेंकेरियन स्टडीज’च्या बाराव्या खंडात मूळ भाषणाला उत्तर देणारे लेख एकत्र छापले गेले होते. त्यांतला एक लेख निनावी होता; लेखांचे नेहमीसारखे तज्ज्ञ-समीक्षण, म्हणजे छापण्याआधी इतर तज्ज्ञांकडून होणारी तपासणी, झाले नव्हते, आणि ज्यांच्या विचारांवर ही सगळी चर्चा होती त्या यूएल यांना उत्तर देण्यासाठी बोलावलेही नव्हते. सोसायटीच्या कार्यकारी मंडळाने जुलै २०२० मध्ये काढलेल्या निवेदनात याच बाबींवर बोट ठेवले. या वादात मतभेद व्हायला माझी मुळीच हरकत नाही, आणि काही आक्षेपकांचे मुद्दे विचार करण्याजोगे आहेत; परंतु नाव न देता टीका छापणे आणि संबंधिताला उत्तराची संधी न देणे, हा व्यावसायिक कर्तव्याचा भंग आहे, मग टीका कितीही विद्वत्तापूर्ण असो. दोन पत्रिकांमधला हा फरक ज्याला समजून घ्यायचा असेल, त्याने यूएल यांचा लेख मुळातून वाचावा. पैसे न मोजता तो वाचता येतो, हे महत्त्वाचे.

आता उणिवा. पत्रिका सर्वांसाठी खुली असली, तरी तिची भाषा सर्वांसाठी नाही. लेख इंग्रजीत असतात. शिवाय शेंकरपद्धतीचे आलेख (रचनेचा मूळ सांगाडा दाखवणारी स्वरलिपी) किंवा स्वरसंचांचे (स्वरांच्या गटांचे) गणिती विश्लेषण वाचकाला आधीपासून अवगत आहे, असे पुष्कळ लेखक गृहीत धरतात. लेखाच्या आरंभी सारांश असतो, पण तोही बहुधा सहकाऱ्यांना उद्देशून लिहिलेला असतो, आणि कानाने चांगले ऐकणारा परंतु विद्यापीठात न शिकलेला वाचक दुसऱ्या वाक्यालाच अडखळतो. लांबलचक स्वरलिपी मोबाइलच्या पडद्यावर वाचणेही कष्टाचे आहे. विषयांची व्याप्ती वाढली आहे, लोकप्रिय संगीतावरचे लेख भरपूर येतात. तरीही युरोपीय परंपरेचा भार अजून जाणवतो.

संगीत शिकवणाऱ्यांना आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मी ही सेवा निःसंकोच सुचवेन. नवख्या वाचकाने मात्र आधी याच संस्थेच्या ‘एसएमटी-व्ही’ या व्हिडिओ पत्रिकेकडे जावे. ती २०१५ पासून निघते, तिथेही लेखनाचे तज्ज्ञ-समीक्षण होते, आणि विवेचन उदाहरणासोबतच ऐकू येत असल्यामुळे स्वरलिपी न वाचणाऱ्यालाही ते बरेचसे कळते. संपादकांकडे माझी एकच मागणी आहे: प्रत्येक लेखासोबत, सामान्य श्रोत्यासाठी लेखकानेच साध्या भाषेत लिहिलेला एक परिच्छेद सक्तीचा करावा, आणि लेख स्वीकारताना त्या परिच्छेदाचेही समीक्षण व्हावे.