डेबियन १२ वरून १३: बिनधास्त करा, फक्त रिलीज नोट्स वाचून

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमचं १३ वं व्हर्जन, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आलं, तरी १२ वरून जाऊ की नको असं अजून बरेच जण विचारतात, तर माझं मत सरळ आहे, जा. फॉरमॅट न मारता तीच सिस्टीम वर्षानुवर्षं पुढे न्यायची असेल तर डेबियनइतकं भरवशाचं मला तरी दुसरं काही वाटत नाही. ११ वाल्यांनी मात्र आधी १२ वर यायचं, मधलं व्हर्जन गाळून थेट जाता येत नाही.

मला सगळ्यात आवडतं ते कॉन्फिग फाइलचं, म्हणजे प्रोग्रामच्या सेटिंगच्या फाइलचं. समजा एन्जिनएक्स या वेबसर्व्हरची मेन फाइल तुम्ही हाताने बदललीय आणि नवीन पॅकेजमध्येही ती बदललीय, तर डीपीकेजी (सॉफ्टवेअरची पॅकेज बसवणारं टूल) तिथेच थांबतं आणि विचारतं, तुमची ठेवू की आमची टाकू? नुसतं एंटर मारलं तर तुमचीच राहते, डी दाबलं तर दोन्हींतला फरक ओळीओळीने समोर येतो. तुमच्या मेहनतीवर गुपचूप बोळा फिरवत नाही हो, आणि सर्व्हर सांभाळणाऱ्याला यापेक्षा जास्त काय पाहिजे!

बाकी क्रम ठरलेला आहे. बॅकअप घ्या, बाहेरच्या रिपॉझिटरी बंद करा, सोर्सेसमध्ये (पॅकेज कुठून घ्यायची त्या यादीत) बुकवर्मच्या, म्हणजे १२ च्या नावाच्या, जागी ट्रिक्सी लिहा, अपडेट मारा, मग आधी नवीन पॅकेज न घेता साधं अपग्रेड आणि त्यानंतर फुल-अपग्रेड. रिमोट मशीन असेल तर टीमक्समध्येच चालवा, कनेक्शन तुटलं तरी काम चालू राहतं. फुल-अपग्रेड काय काय काढणार आहे ती यादी नीट वाचल्याशिवाय वाय दाबू नका. अपग्रेड चालवणारं टूल म्हणजे एपीटी, त्याच्या १३ मधल्या नव्या व्हर्जनमध्ये, एपीटी ३ मध्ये, ही यादी छान लाल रंगात वेगळी दिसते, पण अपग्रेड करताना हातात जुनंच एपीटी असतं ना, त्यामुळे ज्या दिवशी खरी गरज त्या दिवशी ती सोय मिळत नाही, हे मला खटकलं.

अजून एक, टेम्प (तात्पुरत्या फाइलचं) फोल्डर आता बाय डिफॉल्ट रॅममध्ये असतं, जुनी सिस्टीम अपग्रेड केली तरी. जास्तीत जास्त निम्मी रॅम वापरतं. म्हणजे ४ जीबीच्या मशीनवर तिथे मोठमोठ्या फाइल टाकणारी स्क्रिप्ट असेल तर ती अडकणार, मग टेम्पचं माउंट युनिट (ते रॅममध्ये जोडणारी सेटिंग) मास्क म्हणजे बंद करा, पुन्हा डिस्कवर येतं. हे रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलंय, म्हणून म्हणतो अर्धा तास काढून त्या वाचाच.

वाईट वाटलं ते ३२ बिटवाल्यांचं. १३ मध्ये आय३८६ साठी, म्हणजे ३२ बिट पीसीसाठी, कर्नलही (सिस्टीमचा गाभा) नाही आणि इन्स्टॉलरही नाही. शाळांच्या लॅबमध्ये, घरी कपाटावर अशी चालू कॉम्प्युटर अजून पडून असतील, त्यांना डेबियन हा मोठा आधार होता. त्यांनी अपग्रेड अजिबात करू नका, १२ ला जून २०२८ पर्यंत एलटीएस (लांब मुदतीचा सपोर्ट) आहे, तोवर तिथेच थांबा.