पायथागोरस की ठरलेली गुणोत्तरे?

म्हापशाची माझी भाची दहावीत आहे. काटकोन त्रिकोणाची राहिलेली बाजू काढायला पायथागोरस (कर्णाचा, म्हणजे सर्वांत लांब बाजूचा, वर्ग = बाकी दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज) वापरू की ३०-६०-९० अंश कोनांच्या त्रिकोणातली बाजूंची ठरलेली गुणोत्तरे, असं तिनं विचारलं.

खरा फरक माहिती किती लागते इथं आहे. पायथागोरसला दोन बाजू हव्यात, कोन माहीत नसले तरी चालतं. गुणोत्तराला एकच बाजू पुरते, पण कोन ठाऊक हवेत. आपलं कौलारू छप्पर घ्या: उतार ३०°, भिंतीपासून मध्यापर्यंत आडवं अंतर ३ मीटर. ३०°, ६०°, ९०° समोरच्या बाजू १ : √३ : २ या प्रमाणात, म्हणून उंची ३ ÷ √३ = √३, सुमारे १.७३ मीटर, वासा तिच्या दुप्पट, ३.४६. नुसत्या पायथागोरसनं हे सुटत नाही.

वेळही गुणोत्तरात वाचतो. चूक मात्र तिथंच जास्त होते: √३ ची बाजू ६०° च्या समोर असते, ३०° च्या नव्हे. विसरलं तर समभुज त्रिकोण मधोमध कापून पाहावा, मला हीच युक्ती सर्वांत आवडते. ४५-४५-९० मध्ये कर्ण बाजूच्या √२ पट. तिथं दोन्ही रीती सारख्याच.

कोन आणि एक बाजू दिली असेल तर गुणोत्तर घ्यावं, दोन बाजू दिल्या असतील तर पायथागोरस. गणिताला घाबरणाऱ्या मुलाला मी आधी पायथागोरसच शिकवेन. तो कुठल्याही काटकोन त्रिकोणाला लागू पडतो.