वाघ्या की मोती?

आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, कारवान जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आलं की आमच्याकडं दोन नावं हमखास निघतात, वाघ्या आणि मोती. माझा कौल वाघ्याला.

मराठवाड्यात खंडोबा घरोघरी आहे. अणदूर-नळदुर्ग घ्या नाहीतर नांदेडकडचं माळेगाव, खंडोबा म्हटलं की सोबत कुत्रा आलाच. त्याचे भक्त वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानत. जुन्या काळी कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षापात्रातलं, खाताना भुंकतसुद्धा. म्हणूनच या नावाच्या कुत्र्याला हाडहूड करताना म्हातारी माणसंही कचरतात, आणि मला हे फार मोलाचं वाटतं. शिवाय हाक दणदणीत बसते. बांधावरून ‘वाघ्याऽऽ’ अशी आरोळी द्या, उभ्या तुरीत आधी दोन कान वर येतात, मग शेंगा हलवत सगळा कुत्रा बाहेर. अडचण एकच: शेजारच्या आखाड्यावरही बहुतेक वाघ्याच असतो. मग ‘काळ्या वाघ्या’ म्हणावं लागतं.

मोती मवाळ. बारक्या लेकरांच्या तोंडी लगेच बसतं, गल्लीत, फ्लॅटमध्ये शोभतं. पण रात्री रानडुकरांमागं सोडायच्या कुत्र्याला ते मला तोकडं वाटतं.

नाव कोणतंही ठेवा, ते आज्ञेसारखं ऐकू येऊ नये. ‘बस’ शिकवायचं असेल तर बाशा नको. आणि घरातल्या सगळ्यांनी एकच नाव घ्यावं. आजी मोत्या, पोरं मोटू म्हणत राहिली तर पिल्लू गोंधळतं. नाव घेतलं की भाकरीचा तुकडा द्या, रागावताना मात्र नाव घेऊ नका.