ओपनबीएसडीसोबत नऊ महिने: कमी करत करत सांभाळलेला कर्नल

गेल्या डिसेंबरात घरच्या जुन्या लॅपटॉपवर ओपनबीएसडी ७.६ ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. आता सप्टेंबर संपत आलाय आणि माझं लिखाण, कोड, मेल, ब्राउझिंग सगळं त्यावरच चालतं. त्याआधी बारा-तेरा वर्षं लिनक्स वापरलं, ऑफिसात अजूनही तेच आहे. इन्स्टॉल केल्यावर लगेच लिहायचं मुद्दाम टाळलं. आधी कर्नलचे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचे, दोन-चार पॅच (छोट्या दुरुस्त्या) आणि एक मोठं अपग्रेड बघायचं होतं.

पॅच लावायला 'सिसपॅच' ही एकच कमांड. कर्नलचा पॅच असेल तर बदललेल्या ऑब्जेक्ट फाइली (कर्नलचे तयार तुकडे) उतरतात आणि कर्नल आपल्याच मशीनवर नव्याने लिंक होतो, म्हणजे जोडला जातो. खरं तर पॅच नसला तरी हे होतच असतं. २०१७ च्या ६.२ पासून प्रत्येक बूटनंतर मागच्या मागे कर्नलचे तुकडे पत्ते पिसावेत तसे पिसून वेगळ्या क्रमाने जोडले जातात, आणि पुढच्या बूटला तो नवा कर्नल चालतो. म्हणजे माझ्या कर्नलमधली फंक्शन्स मेमरीत जिथे बसलीत तिथे ती दुसऱ्या कुणाच्याच मशीनवर नसतात, आणि उद्या माझ्याही मशीनवर नसतील. एका मशीनवरच्या मेमरीतल्या जागा पाठ करून दुसऱ्यावर हल्ला करणाऱ्याचं कामच अवघड होतं. माझ्या जुन्या डिस्कला यासाठी बूटनंतर मिनिटभर मेहनत पडते. ती मला मंजूर आहे.

पहिल्याच महिन्यात जुनी सवय उफाळून आली. सोर्स उतरवला, नको ते ड्रायव्हर कॉन्फिगमधून उडवले आणि स्वतःचा कर्नल कंपाइल केला. झाला, चाललाही. पण वेगात काही फरक जाणवला नाही, आणि तयार पॅच तर मूळ 'जेनेरिक' कर्नलसाठीच येतात. ओपनबीएसडीच्या कागदपत्रांत स्पष्ट सांगितलंय की जेनेरिकच वापरा. डेव्हलपर स्वतःही तोच वापरतात. आठवड्याने मी परत जेनेरिकवर आलो. सगळे एकच कर्नल चालवत असले की एकाला सापडलेला दोष सगळ्यांचा असतो आणि तो दुरुस्तही सगळ्यांसाठी होतो, हे तेव्हा पटलं.

या प्रकल्पाबद्दल मला सर्वात जास्त आदर वाटतो तो कोड काढून टाकण्याच्या धाडसाचा. थिओ डी राट यांनी १९९५ मध्ये नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रकल्पापासून वेगळं होऊन हे काम सुरू केलं. तेव्हापासून भर पडली, तशी छाटणीही होत आली. ब्लूटूथचा कोड नीट चालत नव्हता आणि सांभाळायला कुणी नव्हतं, तो २०१४ मध्ये काढला. चालू कर्नलमध्ये मॉड्यूल (जास्तीचे तुकडे) घालायची सोय ५.७ मध्ये गेली. लिनक्सचे प्रोग्राम चालवणारा थर २०१६ च्या ६.० मध्ये गेला. ७.५ मध्ये तर कुठल्याही सिस्टिम कॉलला (प्रोग्रामने कर्नलकडे करायच्या मागणीला) नंबराने हाक मारू देणारा जुना 'सिस्कॉल' हा आडमार्गच बंद केला, आणि पर्लसारख्या भाषेला त्यासाठी फेरबदल करावे लागले. दुसरीकडे असं काही जुनं काढायचं म्हटलं की 'कुणीतरी वापरत असेल' म्हणून ते तसंच राहतं. इथे ते कोण वापरतं ते शोधतात, त्याचा कोड दुरुस्त करतात आणि मग कुऱ्हाड चालवतात.

याची किंमत वापरणाऱ्याने मोजायची असते. ब्लूटूथ नाही म्हणून मी वायरचे हेडफोन घेतले. प्रोसेसरच्या एका कोअरवर एकाच वेळी दोन कामं चालवणारं हायपरथ्रेडिंग २०१८ पासून मुळातच बंद असतं, त्यामुळे मोठं कंपायलेशन लावलं की वेळ लागतो.

फायरफॉक्सची गोष्ट वेगळी. मेलला एक पीडीएफ जोडायला गेलो तर डॉक्युमेंट्सचं फोल्डर रिकामं! छातीत धस्स झालं. फाइली जागेवरच होत्या. 'अनव्हेल' नावाच्या सिस्टिम कॉलने ब्राउझरला जवळपास फक्त डाउनलोड्सच दिसेल अशी सोय केलेली असते. बाकीचं घर त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतं. त्याच्याच जोडीचा 'प्लेज': प्रोग्रामने सुरुवातीला वचन द्यायचं की मी एवढंच करीन, आणि वचन मोडलं की कर्नल त्याला तिथल्या तिथे मारतो. आता जोडायची फाइल आधी डाउनलोड्समध्ये कॉपी करतो. दोन सेकंद जातात, पण बँकेची कागदं ब्राउझरच्या नजरेआड आहेत हे समाधान मोठं आहे.

खरी उणीव फाइल सिस्टिमची. इथल्या एफएफएस या फाइल सिस्टिमला जर्नलिंग (बदल आधी नोंदवून ठेवायची सोय) नाही. माझ्या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलीय, आणि जूनच्या पावसात दोनदा लाइट गेली. दोन्ही वेळा डिस्क तपासणारा एफएसचेक चालला. एकदा तर तो मध्येच थांबला आणि हाताने चालवावा लागला. डेटा वाचला, तरी तेवढा वेळ मी जागेवरून हललो नाही. शेवटी छोटा यूपीएस आणला. बॅटरी धड नसेल तर तो पहिल्या दिवशीच घ्या, बॅकअप तर हवाच.

मे महिन्यात ७.७ वर गेलो. 'सिसअपग्रेड' म्हटलं, मशीन आपणच रीबूट झालं, नवी सिस्टिम चढली, पुन्हा रीबूट, आणि चहा संपायच्या आत लॉगिन समोर. मग पॅकेजेस अपडेट केली आणि काम सुरू. दर सहा महिन्यांनी नवं व्हर्जन येतं आणि पॅच फक्त शेवटच्या दोन व्हर्जन्सनाच मिळतात, त्यामुळे वर्षभराच्या आत अपग्रेड टाळताच येत नाही. पाच-पाच वर्षं एकाच कर्नलवर बसून राहणाऱ्यांना हे जाचेल. मला उलट सोपं गेलं. उडी लहान असली की मोडतंही थोडंच.

अपग्रेडनंतर डीमेसेजचं (कर्नलच्या संदेशांची यादी दाखवणाऱ्या कमांडचं) आउटपुट प्रकल्पाच्या पत्त्यावर मेल केलं. कुठल्या मशीनवर काय चालतं याची नोंद त्यांना त्यातून मिळते, आणि कोड न लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला करता येण्याजोगं ते एक काम आहे. पुढच्या अपग्रेडनंतर पुन्हा पाठवीन.